कुठल्या पळापळीचे सांगू?

एरवी आठवड्याच्या अंकात या सदराला दीड पानाचे कुंपण असते. दिवाळी आली की संपादक कुंपणाची काटी बाजूला सारतात आणि म्हणतात, "आता चरा हवे तेवढे!" आणि नेमकी तेव्हाच लेखकाची पंचाईत होते. वर्षभर जे विषय 'दीड पानात मावणार नाही' या सबबीवर मागे ढकलले, ते सारे दारात येऊन उभे राहतात. त्यातला एक विषय मी तीन दिवाळ्या मागे ढकलत आलो आहे. खरे सांगायचे तर तिथे जागेची अडचण कधीच नव्हती. त्या विषयात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि लोकांच्या चुका लिहिणे आम्हा मराठीच्या मास्तरांना जितके सोपे जाते तितके हे सोपे नाही.

यंदा निमित्त घडले ते असे. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत सॅन होजे या गावी असतो. मराठीचा विद्यार्थी तिथे काय करतो, असे विचारू नका; बी. ए. च्या पहिल्या वर्षानंतर तो शहाणा झाला आणि संगणकाकडे वळला. त्याच्या शेजारी एक व्हिएतनामी आजोबा राहतात. संध्याकाळी ते वाफ्यातल्या मिरच्यांना पाणी घालतात आणि हा कुंपणाशी उभा राहून चहा पितो. मिरच्यांवरून ओळख झाली. तुळजापूरच्या माणसाला तिखटाचे वावडे नाही, आणि व्हिएतनामी माणसालाही नसावे. एके दिवशी पाणी घालता घालता आजोबा सांगू लागले की ते आपल्या देशातून नावेत बसून निघाले, तेव्हा बरोबर काय काय घेतले होते.

१९७५ च्या ३० एप्रिलला सायगाव पडले. पुढल्या वीस वर्षांत आठ लाखांच्या आसपास माणसे मासेमारीच्या नावांतून समुद्र ओलांडून शेजारच्या देशांच्या किनाऱ्यांना लागली. जी वाटेत बुडाली त्यांची गणती वेगळी. सॅन होजेला अशांची मोठी वस्ती झाली. तिथल्याच विद्यापीठात मानवशास्त्र शिकवणारे जेम्स फ्रीमन यांनी या माणसांपाशी बसून त्यांच्या आयुष्याच्या कथा ऐकल्या, आणि १९८९ साली 'हार्ट्स ऑफ सॉरो' नावाच्या ग्रंथात त्या एकत्र केल्या. विद्यार्थ्याने तो ग्रंथ मला टपालाने पाठवला आणि सोबत चिठ्ठी ठेवली : "सर, हा गृहस्थ आधी आपल्या ओरिसात होता."

ते खरेच आहे. व्हिएतनामी निर्वासितांकडे वळण्यापूर्वी फ्रीमन भुवनेश्वरजवळच्या एका खेड्यात राहिले होते. तिथल्या बाउरी या अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या एका माणसाचे सबंध आयुष्य त्यांनी त्याच्याच तोंडून उतरवून घेतले आणि १९७९ साली छापले. त्या माणसाला त्यांनी मुली असे बदललेले नाव दिले. (मराठी वाचकाला हसू येईल, पण तो चांगला बाप्या माणूस आहे.) ओरिसातल्या मजुराची कथा ऐकायला जो कान तयार झाला, तोच पुढे सायगावच्या निर्वासितांच्या उपयोगी पडला. मला या गोष्टीचे मोठे नवल वाटले. ऐकणे हीदेखील शिकण्याची विद्या आहे, हे आम्ही वर्गात कधी सांगत नाही. आमच्या वर्गात ऐकणे म्हणजे मुलांनी गप्प बसणे.

मग एका रविवारी विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, आपल्याकडे असे कुणी केले का?"

मी तत्परतेने इरावती कर्व्यांचे नाव सांगितले. इरावतीबाईंना आम्ही मराठीची माणसे 'परिपूर्ती' आणि 'युगान्त' यांच्या लेखिका म्हणून ओळखतो, त्यांच्या शैलीवर दहा गुणांचा प्रश्न काढतो आणि मोकळे होतो. पण बर्लिनहून मानवशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या बाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संशोधन करीत आणि उन्हातान्हात गावोगाव हिंडत. कोयनेच्या धरणाने ज्यांची घरे पाण्याखाली घातली, त्या माणसांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केली. ती १९६९ साली प्रसिद्ध झाली, आणि पुढल्याच वर्षी बाई गेल्या.

"ते कोयनेचे झाले, सर," विद्यार्थी म्हणाला. "मी आपल्या तुळजापूरचे विचारतो आहे. माझी आजी रझाकारीत बार्शीला पळून गेली होती म्हणतात. कशी गेली, कुठे राहिली, काय खाल्ले, घरात कुणालाच ठाऊक नाही. या शेजारच्या आजोबांची नाव किती हात लांब होती ते मला आता माहीत आहे, आणि माझी आजी बैलगाडीने गेली की पायी, ते माहीत नाही."

मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि फोन ठेवला.

तरुण वाचकांसाठी थोडा इतिहास सांगितला पाहिजे. जाणत्यांनी क्षमा करावी. १९४७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही झालो नाही. तुळजापूर निजामाच्या राज्यात होते, आणि घाट उतरून पंचेचाळीस किलोमीटरवरचे सोलापूर स्वतंत्र हिंदुस्थानात. मधे निजामाचा करोडगिरीचा नाका. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातुरात वकिली करणारा, आणि लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९४७-४८ च्या त्या वर्षभरात रझाकारांच्या भीतीने आमच्या खेड्यांतली हजारो माणसे बार्शीकडे, सोलापूरकडे निघून गेली. सरहद्दीला लागून स्टेट काँग्रेसचे कॅम्प पडले होते. तिथून तरुण मुले आत शिरत, नाक्यांवर छापे घालीत. पुढे १३ सप्टेंबर १९४८ ला हिंदी फौजा सोलापूरच्या बाजूने आत आल्या. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल त्यांनी शाबूत ताब्यात घेतला. दुसरी एक तुकडी पहाटेच तुळजापुरावर आली. इथे निजामाची पायदळाची तुकडी आणि सुमारे दोनशे रझाकार दोन तास लढले आणि शरण आले. १७ तारखेला सगळेच संपले. सरकारी कागदांत याला 'पोलीस कारवाई' म्हणतात. आमच्याकडची म्हातारी माणसे नुसते 'ॲक्शन' म्हणतात.

आमच्या भागात साल कुणी सांगत नाही. 'रझाकारीत', 'ॲक्शनला', 'बहात्तरच्या दुष्काळात', 'भूकंपाला' अशा खुंट्या ठोकलेल्या आहेत आणि जन्म, लग्ने, मरणे त्या खुंट्यांना टांगलेली आहेत. या खुंट्यांपैकी पुढाऱ्यांच्या आयुष्याला जी लागते तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी १९६७ साली आल्या. अनंत भालेरावांचा हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरचा ग्रंथ १९८७ साली आला, आणि तो प्रत्येक मराठवाडी घरात असावा असा आहे. पण ज्यांनी लढा दिला नाही, नुसता जीव घेऊन पळ काढला, त्यांचे कुणी काय लिहिणार? पळण्याला हुतात्मास्मारक नसते.

तर मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षी, म्हणजे १७ सप्टेंबर २०२३ च्या अलीकडे काही महिने, मी वर्गातल्या मुलामुलींना कामाला लावले. प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका वृद्धाची मुलाखत घ्यावी, असे ठरले. मी एक प्रश्नावली तयार केली. फार सुबक होती. पहिला प्रश्न असा : 'आपल्या गावावर रझाकारांनी केव्हा व कसा हल्ला केला?' असे एकवीस प्रश्न. झेरॉक्स काढून वाटले.

उत्तरे आली तीही प्रश्नांसारखीच. 'रझाकारांनी खूप अत्याचार केले.' 'लोक फार घाबरले होते.' 'नंतर आपले सैन्य आले.' चाळीस वृद्ध, आणि सर्वांचे आयुष्य एकच. मुलांनी घरी बसून लिहिले असावे असा संशय घेऊन मी एक-दोघांना दरडावलेही. त्यांचा दोष नव्हता. न्यायाधीशासारखा प्रश्न विचारला की माणूस जबाब देतो आणि गप्प होतो.

एक वही मात्र वेगळी निघाली. घाटाखालच्या एका खेड्यातून येणारी ती मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिच्या गल्लीत एक मुसलमान म्हातारी राहत होती, पंच्याऐंशीच्या घरातली. मुलीने प्रश्नावली काढून पहिला प्रश्न वाचायला घेतला तशी म्हातारीने तिला अडवले.

"कुठल्या पळापळीचं सांगू, माय? पैल्या का दुसऱ्या?"

"दोनदा पळालात का, आजी?"

"पैल्यांदा ती पळाली. दुसऱ्यांदा आमी."

मुलीने प्रश्नावली घडी घालून ठेवली. हे तिला कुणी शिकवले नव्हते. ती तीन दिवस संध्याकाळी जाऊन बसली आणि म्हातारी बोलेल तसे लिहीत गेली.

पहिल्या पळापळीत शेजारचे हिंदू कुटुंब रातोरात बार्शीला गेले. जाताना शेजारणीने म्हातारीच्या आईला आपले पेव कुठे आहे ते दाखवले. शहरी वाचकांना पेव ठाऊक नसेल. आमच्याकडे ज्वारी साठवायला पांढरीत जमिनीच्या पोटात खोल खड्डा खणतात, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. दाणे भरून वरून माती लिंपली की चोराला पत्ता लागत नाही. त्या उन्हाळ्यात घरात खायला उरले नाही तेव्हा म्हातारीच्या आईने त्या पेवातून दोन पोती काढली. मग एका रात्री रझाकारांना सुगावा लागला आणि उरलेली त्यांनी नेली. ॲक्शननंतर शेजारी परत आले त्या दिवशी आईने आधी आपल्या दोन पोत्यांचे सांगितले, मग रझाकारांचे.

आणि चार-सहा दिवसांतच दुसरी पळापळ झाली. शेजाऱ्याने या मायलेकींना त्याच रिकाम्या पेवात उतरवले. पण पेवातली हवा मारक असते, त्यात एकदम उतरलेला माणूस गुदमरून मरतो. म्हणून शेजाऱ्याने आधी दोरीला दिवा बांधून खाली सोडला. दिवा विझला नाही, तेव्हा पोरीला सोडले. दोन रात्री त्या आत होत्या. तिसऱ्या रात्री गाडीत कडब्याखाली घालून त्याने त्यांना गावाबाहेर काढले. म्हातारीचे वडील आठवड्याच्या बाजाराला नळदुर्गला गेले होते. त्यांच्याविषयी म्हातारी एवढेच म्हणाली : "आब्बा बाजाराला गेले ते आले न्हाईत."

ती वही माझ्या हातात आली तेव्हा मला आनंद झाला, आणि त्या आनंदात मी जे केले ते सांगण्यासाठी हा सारा लेख आहे. मी लाल शाईचे पेन उघडले.

कॉलेजच्या वार्षिक अंकात हा मजकूर छापायचा होता. अंकाला शोभेल असा तो करायचा होता. मी 'व्हतं'चे 'होते' केले, 'न्हाई'चे 'नाही' केले. 'पळापळ' हा शब्द मला उथळ वाटला. तिथे 'स्थलांतर' घातले. म्हातारी तीच गोष्ट तीनदा सांगत होती, प्रत्येक वेळी थोडी निराळी. मी दोन वेळा खोडल्या. ती मधेच भाकरीचे आणि मधेच एका शेळीचे सांगे. ते विषयांतर म्हणून गाळले. दिवाही गाळला. मला तेव्हा तो नुसता तपशील वाटला. तीन संध्याकाळींचे बोलणे मी दीड पानात बसवले. दीड पानाचे माझे प्रेम जुने आहे. आणि वडिलांच्या ओळीशी आलो तेव्हा ती मला अपुरी वाटली, म्हणून मी लिहिले : 'या धामधुमीत त्यांच्या वडिलांचे निधन झाले.'

अंक निघाला. मी आणि ती मुलगी म्हातारीकडे गेलो. मी पेढे नेले होते. तिने आम्हाला चटई दिली, चहा केला, आणि मी घसा साफ करून वाचायला लागलो. बराच वेळ ती कौतुकाने ऐकत राहिली. दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट ऐकावी तशी. मग एका शब्दाशी तिने हात वर केला.

"निधन म्हंजे काय, मास्तर?"

"म्हणजे... वारले."

"कुणी सांगितलं?"

मी मुलीकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती.

"मेले असं मी कदी म्हणलं?" म्हातारी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आले न्हाईत म्हणलं."

पंच्याहत्तर वर्षे तिने ती गोष्ट तेवढ्यावर धरून ठेवली होती. तिच्या आईने बांगड्या फोडल्या होत्या की नव्हत्या, घरात कधी फातिहा झाला होता की नव्हता, मला काही ठाऊक नव्हते; आणि मी एका शुद्ध शब्दाने तिच्या वडिलांना मारून मोकळा झालो होतो. पुन्हा येतो, नीट लिहून घेतो, असे म्हणून मी उठलो. गेलो नाही. आधी परीक्षा होत्या, मग पेपर तपासणी, मग आम्ही घर बदलले. घर बदलताना जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याबरोबर ती वही रद्दीत गेली. मुलीने भावाच्या फोनवर थोडे ध्वनिमुद्रण केले होते. भावाने गाण्यांना जागा हवी म्हणून ते पुसले. त्याच हिवाळ्यात म्हातारी गेली. आता तिच्या आयुष्याचा पुरावा म्हणून जगात माझे निर्दोष मराठी तेवढे शिल्लक आहे.

दुसऱ्या पळापळीविषयी मी त्यानंतर वाचायला बसलो. ते आधीच वाचायला हवे होते. ॲक्शननंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता अशा मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी चौकशीसाठी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना काही सहकाऱ्यांसह पाठवले. १९४८ च्या २९ नोव्हेंबरपासून २१ डिसेंबरपर्यंत ही मंडळी संस्थानच्या सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत हिंडली; एकशे नऊ खेड्यांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी बोलली. सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा हात राखून केलेला अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बिदर, नांदेड यांच्याबरोबर आमचा उस्मानाबाद आहे. काही ठिकाणी खुद्द सैनिक आणि पोलीस यांत सामील होते, असेही त्यात आहे. सरकारने हा अहवाल छापला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो २०१३ च्या सुमारास लोकांच्या पाहण्यात आला, आणि त्याच वर्षी ए. जी. नूरानी यांनी तो आपल्या ग्रंथात दिला.

त्या अहवालात एक गोष्ट अशी आहे की तिने मला पेवाची आठवण झाली. अनेक ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, आणि विशेषतः कोष्ट्यांनी आपल्या व्यवसायातल्या मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवले, असे त्यांनी नमूद केले आहे. म्हणजे आमच्या भागातल्या माणसांना पहिल्यांदा कुणी प्रश्न विचारले ते १९४८ सालीच. पण त्या मंडळींच्या हाताशी तेवीस दिवस होते आणि त्यांना आकडा काढायचा होता. आकड्यात दिवा मावत नाही, याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. माझ्याकडे पाऊण शतक होते.

या विषयावर बोलायला लागलो की स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतेच, "खपली कशाला काढता? पोरे सुखाने नांदताहेत." मी या मताचा आदर करतो, कारण ते बहुतेक वेळा भल्या माणसाचे असते. पण माझा अनुभव असा की खपली काढू नका असे सांगणारे पन्नाशीतले असतात. ज्यांची जखम आहे ती नव्वदीची माणसे स्वतः होऊन विचारतात, 'लिवून घेता का?' आणि न लिहिल्याने गोष्ट मिटते असेही नाही. ती अर्धी उरते. एका गल्लीत पहिली पळापळ तेवढी सांगतात, दुसऱ्या गल्लीत दुसरी, आणि दोन्हीकडची पोरे एकमेकांकडे बघत मोठी होतात. त्या म्हातारीला दोन्ही ठाऊक होत्या, आणि ती दोन्ही एका दमात सांगत होती.

आता मी शनिवारी दुपारी एखाद-दुसऱ्या विद्यार्थिनीला घेऊन जातो. प्रश्नावली नेत नाही. 'तेव्हा घरात गुरे किती होती?' किंवा 'कुलूप लावले का?' एवढे विचारले तरी पुरते. कुलपावरून एका आजोबांनी दोन तास सांगितले. कुलूप नव्हतेच, त्यांच्या वडिलांनी दाराला सुतळी बांधली होती. तुळजापुरात राहून मला हे उशिरा सुचावे ही शरमेची गोष्ट आहे, कारण आमच्या गोंधळ्यांना ही विद्या पिढ्यान्पिढ्या येते. मुख्य गोंधळी कथा लावतो आणि साथीदार संबळाच्या बाजूने त्याला हुंकार देतो, मधेच भोळेपणाने विचारतो, 'मग काय झालं?' तो हुंकार थांबला तर कथा थांबते. मानवशास्त्राच्या ग्रंथांत मुलाखतीविषयी जे प्रकरणेच्या प्रकरणे लिहिलेले असते, त्यातला निम्मा भाग त्या साथीदाराला ठाऊक असतो. बायकांचे बोलणे जसेच्या तसे कसे ठेवावे, हे मी हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांच्याकडून शिकतो आहे. या दोघांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या लाखभर गोळा केल्या.

म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणावर विश्वास किती ठेवावा, ही शंका मलाही होती. लोहाऱ्याकडच्या एका नव्वदीच्या गृहस्थांनी सांगितले, "फौज लगी आली न्हाई. नदीला पानी व्हतं." मी ते टिपून घेतले आणि मनात म्हटले, कुणास ठाऊक. पुढे लष्कराच्या हकिकतीत वाचले : तुळजापूर घेतल्यावर लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी नदी भरून आल्यामुळे अडकली. ज्या माणसाने आयुष्यात वर्तमानपत्र वाचले नाही, त्याचे सेनापतींच्या कागदाशी इतके जुळते. सगळ्यांचे जुळतेच असे नाही. एक स्वातंत्र्यसैनिक आजोबा पहिल्या दोन भेटींत नुसते भाषण करीत राहिले, पंधरा ऑगस्टला करतात तेच. तिसऱ्या खेपेला त्यांची सून बाहेर गेली होती, तेव्हा हळूच म्हणाले की कॅम्पवर भाकऱ्यांचे गाठोडे पोचवताना त्यांना रझाकारांपेक्षा वाटेतल्या कुत्र्यांची भीती जास्त वाटे. ते तेरा वर्षांचे होते.

आणि काही गोष्टी लिहायच्या नसतात, हेही कळू लागले आहे. एका आजींनी आपल्या थोरल्या बहिणीचे नाव घेतले आणि विद्यार्थिनीच्या वहीवर हात ठेवला. त्यांनी हात उचलेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मग त्यांनी शेवग्याच्या झाडाचे सांगितले. फाळणीतल्या बायकांच्या कथा गोळा करणाऱ्या उर्वशी बुटालियांच्या १९९८ सालच्या पुस्तकाच्या नावातच मौन आहे. ते नाव मला त्या दिवशी समजले. आता घरी आल्यावर जे उतरवले ते पुढच्या शनिवारी त्या माणसाला वाचून दाखवतो, आणि नाव घालायचे की नाही हेही विचारतो. लाल शाईचे पेन उत्तरपत्रिकांसाठी ठेवले आहे.

सॅन होजेच्या विद्यार्थ्याची आजी तर गेली, पण तिची धाकटी जाऊ सोलापुरात आहे, असा शोध लागला. आजी गाडीने गेली नव्हती. पायी गेली होती, आणि डोक्यावर पाटा होता. वरवंटा विसरली म्हणून बार्शीत वर्षभर दगडाने चटणी वाटली. मी त्याला हे फोनवर सांगितले तेव्हा तो पलीकडे बराच वेळ काही बोलला नाही.

परवा नवरात्रात ती वहीवाली मुलगी आईच्या दर्शनाला आली होती. आता ती उमरग्याला असते, कडेवर लेकरू आहे. दर्शनाच्या रांगेतून सुटल्यावर घरी आली. मी तिला वहीचे सांगितले. ती रद्दीत गेली, हे मी तोवर तिला सांगितलेच नव्हते. ती रागावली नाही. लेकराला बायकोच्या मांडीवर देऊन भिंतीला टेकून बसली आणि डोळे मिटून त्या म्हातारीच्या आवाजात बोलू लागली. तिच्या डोक्यात पुष्कळ राहिले होते. मी कोरी वही काढली आणि जसे ती बोलली तसे लिहिले :

"लोक म्हणायले, आज रातीला येत्यात. अम्मीनं चूल इझवली. भाकर तव्यावरच राहिली, एका अंगानं कच्ची. काकू परसाकडनं आली, म्हणली चला. पेवाचं तोंड उघडं केलेलं. आत वल व्हती. मी रडाय लागले. काकानं दोरीला दिवा बांधला आन् सोडला. आमी समदी वाकून बगायलाव. दिवा खाली गेला, लई खाली, आन् जळतच राहिला. मग काका मला उचलून म्हणला..."

ती थांबली. पुन्हा मागून सुरू केले, पुन्हा तिथेच थांबली. काका काय म्हणाला, ते तिला आठवेना. वहीत होते, एवढे तिला पक्के आठवत होते. एक छोटे वाक्य, आणि ते सांगताना म्हातारी हसली होती. लेकरू रडायला लागले, एस. टी. ची वेळ झाली, तशी ती उठली. दिवाळीला माहेरी येईन तेव्हा गल्लीत आणखी कुणाला ठाऊक आहे का ते विचारते, म्हणाली.

वहीत मी त्या जागी दोन ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत.